राजा गेला, सातबारा राहिला



थिबा राजवाडा रत्नागिरीत वाढलेल्या प्रत्येकीने पाहिलेला असतो. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचं राज्य बुडवलं, राजाला बायका-मुलींसह इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. म्हणजे राजा गादीवरून उतरलेला आपल्या गावाने पाहिला आहे. पण त्याला उतरवलं ते त्याहून बलाढ्य साम्राज्याने, प्रजेने नव्हे. राजा गेला तरी रयतेचं जू तसंच राहिलं, फक्त जू ठेवणारा हात बदलला.

प्रजेनेच उठून राजाला खाली ओढलं, असं आपल्या महाराष्ट्रात कुठे घडलं? घडलं, आणि त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, हुतात्म्यांची नावं वाचली जातात. त्या यादीत बायकांची नावं किती असतात? म्हणूनच या अंकात हैदराबाद संस्थानातल्या लढ्याकडे बायकांच्या बाजूने पाहायचं आम्ही ठरवलं.

लोक उठले ते का? निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी प्रजा, कारभार मात्र उर्दूत. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी हवी. 'गश्ती निशाण ५३' या फतव्याने लोकांचं तोंडच बांधलं होतं. जमिनीचा मोठा हिस्सा निजामाच्या खाजगीत, म्हणजे 'सर्फ-ए-खास'मध्ये, आणि जहागीरदारांच्या ताब्यात होता. तिथे कायदा म्हणजे जहागीरदाराचा शब्द. तेलंगणात देशमुखांच्या वाड्यावर वेठबिगार चाले. परटाने कपडे धुवायचे, कुंभाराने मडकी द्यायची, चांभाराने जोडे शिवायचे, आणि मोबदला काही नाही.

इतिहासाच्या पुस्तकात 'वेठ' हा शब्द एका ओळीत संपतो. बाईच्या अंगावर तिचा अर्थ वेगळा होता. अंगावरचं मूल बांधाला ठेवून देशमुखाच्या शेतात राबायचं. वाड्यावर दासी म्हणून ठेवलेल्या मुली देशमुखाच्या लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर भांड्याकुंड्यांसारख्या सासरी पाठवल्या जात. तिथे त्यांच्या देहावर हक्क कुणाचा, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून 'वेठ बंद करा' ही मागणी आर्थिक होती, तशीच ती बाईच्या देहाची आणि अब्रूचीही होती.

सुरुवात लहान गोष्टींनी झाली. वाचनालयं निघाली, खाजगी शाळा निघाल्या, भाषावार परिषदा भरल्या. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, तेव्हा सत्याग्रह सुरू झाला. अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच वर्षी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं आणि त्यांतल्या अनेकांना नागपूरला जाऊन शिकावं लागलं.

तेलंगणात ठिणगी पडली ती एका परटिणीच्या शेतात. पालकुर्तीच्या चाकली ऐलम्माने खंडाने कसलेली जमीन आणि उभं पीक विसनूरच्या देशमुखाला बळकवायचं होतं. ती हटली नाही. संघमचे कार्यकर्ते तिच्या पाठीशी उभे राहिले आणि पीक तिच्याच घरी आलं. पुढे ४ जुलै १९४६ रोजी देशमुखाच्या माणसांच्या गोळीने दोड्डी कोमरय्या पडला आणि गावंच्या गावं उठली.

१९४७ च्या १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, निजामाने मात्र सामील व्हायला नकार दिला. मग मराठवाड्यात शिंदीची झाडं तोडून सरकारचं उत्पन्न बुडवण्यात आलं, करोडगिरीचे नाके जाळले गेले, सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. दुसरीकडे कासीम रझवीच्या रझाकारांनी गावं लुटायला आणि जाळायला सुरुवात केली. हा लढा हिंदू-मुसलमानांचा होता असं सांगितलं जातं, तेव्हा 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची आठवण ठेवावी. भारतात विलीन व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला.

या सगळ्यात बायका कुठे होत्या? धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हत्यार घेऊन लढल्या. आशाताई वाघमारे चळवळीच्या कामात होत्या. तेलंगणात मल्लू स्वराज्यम यांनी बंदूक हाती घेतली. आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत अशा कितीतरी जणींनी रात्री-अपरात्री भाकऱ्या थापल्या, निरोप पोचवले, भूमिगतांना माळ्यावर लपवलं, पोलीस आल्यावर 'घरात कुणी नाही' असं ठामपणे सांगितलं. हे 'मदत' म्हणून नोंदलं जातं. पण ही मदत थांबली असती तर लढा आठ दिवस तरी चालला असता का?

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपण इथे थांबतो आणि टाळ्या वाजवतो. पण बायकांचा इतिहास इथे थांबत नाही. त्यानंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. बायका पळवल्याच्या, बलात्काराच्या, विहिरीत जीव दिल्याच्याही नोंदी तिने केल्या. हा अहवाल कित्येक दशकं दडवलेला होता. रझाकारांनी जिच्यावर अत्याचार केला ती आणि रझाकारांचा सूड म्हणून जिच्यावर अत्याचार झाला ती, या दोघींत आपण भेद करणार का? स्त्री-चळवळीचं उत्तर स्पष्ट असलं पाहिजे. दोघींच्या देहाची रणभूमी केली ती पुरुषी सत्तेनेच.

आणि लढलेल्या बायकांचं काय झालं? हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणातल्या अशा बायकांना गाठून त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आणल्या. भूमिगत असताना बाळंत झालेल्या एकीला तान्हं मूल दुसऱ्याच्या हाती द्यावं लागलं होतं. १९५१ मध्ये सशस्त्र लढा मागे घेतला गेला आणि बायकांना सांगितलं गेलं, आता घरी जा. पुरुष नेते झाले, बायका चुलीपाशी परतल्या. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाजारकरणी पावसात व्हर्सायला चालत गेल्या आणि त्यांनी राजाला राजधानीत आणलं. चार वर्षांनी त्याच क्रांतीच्या सरकारने बायकांच्या मंडळांवर बंदी घातली.

राजाचं म्हणाल तर निजाम १९५० ते १९५६ राजप्रमुख म्हणून मानाने राहिला.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे निजाम नव्हता, पण खोत होता. वेठ होती, सणावाराची भेट होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तारीख तीच, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोती कायद्याने गेली ती पुढे, १९४९ च्या कायद्याने. कुळांना जमिनी मिळाल्या. पण चाकरमानी मुंबईला असताना लावणीपासून झोडणीपर्यंत जिने शेत सांभाळलं, तिचं नाव सातबाऱ्यावर किती ठिकाणी लागलं? घोषणा होती 'कसेल त्याची जमीन'. 'कसेल तिची' असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने बरोबरीचा हक्क आहे. तरी भावाच्या एका शब्दावर हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत आहेत.

म्हणून आमची विनंती दोन गोष्टींची. पहिली, आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरचा सातबारा घेऊन यावा आणि आपलं नाव शोधावं. दुसरी, गावात खोतीचे दिवस आठवणारी एखादी आजी असेल तर तिच्यापाशी बसून ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. या बायका फार थोड्या उरल्या आहेत. ऐलम्माने पीक राखलं तेव्हा इतिहास घडवतोय असं तिला वाटलं नसेल. आपण पिकवलेलं आपलंच आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

आपल्यालाही तेवढं ठाऊक असलं तरी सुरुवात होते.

— संपादक मंडळ