आधी विमान, मग बिघाड

चार आसनी विमानाचे दार हवेत उघडले, तर विमान पडत नाही. बाहेरून वाहणारा वारा ते दार फार उघडूच देत नाही. चार बोटांची फट पडते, कानठळ्या बसतील असा आवाज होतो, नकाशे आणि कागद उडतात, शेजारी बसलेल्याची गाळण उडते, एवढेच. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, वैमानिकांसाठीच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिले आहे: दार उघडण्याने सहसा धोका होत नाही, त्या क्षणी वैमानिक काय करतो त्याने होतो. तरीही अशा उघड्या दारापायी माणसे मेली आहेत. पायपर चेरोकी किंवा बीचक्राफ्ट बोनांझा या विमानांना पुढच्या आसनांसाठी एकच दार असते आणि ते उजवीकडे असते. वैमानिक बसतो डावीकडे. तो शेजाऱ्यावरून वाकून दार ओढू लागतो. त्या झटापटीत विमानाचे नाक नकळत वर जाते, वेग उतरतो आणि पंखांना विमान पेलवेनासे होते. उड्डाण नुकतेच झालेले असेल, तर सावरायला खाली जागाही नसते. दार मात्र शेवटपर्यंत निरुपद्रवीच असते.

लहान विमानांच्या सुरक्षेची चर्चा आपल्याकडे इंजिन, हवामान आणि देखभाल यांच्याभोवतीच फिरते. माझे म्हणणे असे की, किरकोळ बिघाड हा मोठ्या बिघाडाइतकाच, कधी त्याहून जास्त, घातक असतो आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणे हे शिकवण्याचे व परीक्षेत तपासण्याचे कौशल्य आहे. इंजिन बंद पडले तर काय करायचे, याबद्दल नवशिक्याच्याही मनात गोंधळ नसतो. नाक खाली घ्यायचे, वेग राखायचा, उतरायला शेत शोधायचे, हे त्याच्याकडून पुन:पुन्हा घोटून घेतलेले असते. चाके उतरल्याचे सांगणारा हिरवा दिवा लागला नाही, तर मात्र माणूस चौकस होतो. पायपर ॲरोमध्ये तर गंमतच आहे. रात्रीचे दिवे चालू असले की चाकांचे हिरवे दिवे आपोआप मंद होतात. भर दुपारी कुणी ते बटण चालू ठेवले, तर तिन्ही दिवे विझल्यासारखे वाटतात. चाके उतरलेली, दिवे शाबूत, आणि वैमानिक खाली मान घालून बल्ब काढून बघतो आहे! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण लहान विमानाचे नाही, पण म्हणूनच ते घेतो. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री न्यूयॉर्कहून मायामीला आलेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या ट्रायस्टार विमानात पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. विमान २,००० फुटांवर ऑटोपायलटच्या हवाली करून कॉकपिटमधली मंडळी दिव्याच्या मागे लागली. दोन वैमानिक, एक फ्लाइट इंजिनिअर, शिवाय कंपनीचाच एक तंत्रज्ञ, असे चार जाणकार तिथे होते. मधेच केव्हातरी ऑटोपायलटचे उंची राखण्याचे काम सुटले, बहुधा कुणाचा तरी धक्का स्टिअरिंगला लागून. विमान हळूहळू खाली येऊ लागले. उंची बदलल्याची घंटा वाजली. ती कुणाच्या कानी पडली नाही. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत विमान कोसळले आणि १०१ माणसे गेली. चाक व्यवस्थित उतरलेले होते, दिव्याचे बल्ब तेवढे जळलेले होते. चार अनुभवी माणसांचे असे होते, तर लहान विमानात एकटा बसलेल्याचे काय? विमान सांभाळणारा, बिघाड शोधणारा आणि टॉवरशी बोलणारा, सगळा तोच.

बिघाड उपकरणाचा आणि वेळ ढगांतली असेल, तर कसोटी आणखी कठीण होते. पुष्कळ जुन्या लहान विमानांत कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र हवेच्या पंपावर फिरणाऱ्या भोवऱ्यावर चालते. पंप गेला की ते यंत्र एकदम बंद पडत नाही, गती मंदावत जाणाऱ्या भोवऱ्यासारखे सावकाश कलते, आणि त्यावर विश्वासलेला वैमानिक विमानही त्याच्याबरोबर कलवतो. जाणते वैमानिक अशा वेळी यंत्रावर कागदाचा तुकडा चिकटवतात, म्हणजे नजर तिकडे जाऊच नये. १६ ऑक्टोबर २००० च्या रात्री मिसुरीचे गव्हर्नर मेल कार्नहन यांचे सेस्ना ३३५ पावसाळी ढगांत कोसळले. विमान त्यांचा मुलगा चालवत होता. समोरचे क्षितिज-यंत्र बिघडल्याचे त्याने नियंत्रकाला कळवले होते. उजव्या बाजूला दुसरे यंत्र होते, पण त्यासाठी मान पुन:पुन्हा वळवावी लागत होती. चौकशीत दिशाभ्रमामुळे ताबा सुटल्याचे कारण नोंदले गेले. यंत्राचा बिघाड आणि हवामान ही पूरक कारणे ठरली.

यावर पहिला आक्षेप येतो, तो रास्त आहे: यंत्र खराब, मग दोष वैमानिकाला कशाला? निकृष्ट पंप बनवणाऱ्याला किंवा टाळाटाळ करणाऱ्या देखभालवाल्याला सोडावे, असे मी म्हणत नाही. पण सगळी भिस्त चांगल्या यंत्रावर ठेवली तर काय होते, याचाही पुरावा आहे. लहान विमानांत जुनी डायल जाऊन डिजिटल पडदे आले, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००२ ते २००६ या काळात बनलेल्या ८,००० हून अधिक विमानांचा अभ्यास केला. २०१० च्या त्या अहवालानुसार पडदेवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, प्राणघातक अपघातांचे प्रमाण मात्र जास्त. ही विमाने वापरली जातात वेगळ्या कामासाठी, लांबच्या आणि ढगांतल्या प्रवासांसाठी, हे खरे. तरी सुरक्षा वाढल्याचे मंडळाला दिसले नाही, आणि त्याने मागणी केली ती या यंत्रांच्या, त्यांच्या बिघाडांसह, खास प्रशिक्षणाची.

दुसरा आक्षेप असा की, दुर्लक्ष केलेला बिघाड वाढतो. काही वाढतातच. धूर आला तर हात चालवावाच लागतो. पण तेव्हाही आधी वेग आणि उंची, मग स्विच. आणि धुराचा वास कुणाला किरकोळ वाटत नाही, प्रश्न येतो दार, दिवा, रेडिओ यांचा. तिसरा आक्षेप स्वभावाचा: आणीबाणीत चित्त थाऱ्यावर राहणे जन्मजात असते, शिकवून येत नाही. याचे उत्तर इलिनॉय विद्यापीठाच्या १९५४ सालच्या प्रयोगात मिळते. ढगांत उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांना क्षितिज-यंत्र झाकून उडायला लावले. विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आले नाही, सरासरी १७८ सेकंदांत ताबा गेला. मग त्यांना मोजक्या पायऱ्यांत मागे वळून ढगाबाहेर येण्याची पद्धत शिकवली, आणि ६० प्रयत्नांपैकी ५९ जमले. माणसे तीच होती.

हा विषय आपल्या दारातलाही आहे. गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथे मुले-मुली व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे किमान २०० तास पुरे करत आहेत, त्यातले निम्मे स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून. घरात मिक्सर बिघडला की तो उघडून बसणाऱ्याचे आपण कौतुक करतो. हीच मुले तो संस्कार घेऊन कॉकपिटमध्ये जातात. एफएए आपल्या परीक्षकांना सांगते की, चाचणीत खरीखुरी वाटणारी लक्ष विचलित करणारी कारणे उमेदवारापुढे टाका. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परीक्षकांनी आणि आपल्या संस्थांच्या प्रशिक्षकांनी यावर अधिक भर द्यावा. त्याला जादा इंधन लागत नाही. शिकवणाऱ्याने सुरक्षित उंचीवर एक फ्यूज काढावा, पेन खाली टाकावे, दिवा विझल्याचे सांगावे, आणि आपण वेगाच्या काट्याकडे बघत राहावे. जो दिवा दुरुस्त करून दाखवील पण शंभर फूट उंची गमावील, त्याला नापास करावे.