दलालाच्या परवान्यास एक शर्त हवी

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, मुंबई,
यांचे सेवेशी



मुंबईत बिऱ्हाड करणे आवाक्याबाहेर गेल्यावर जो मध्यमवर्ग प्रथम ठाण्यास, तेथून डोंबिवलीस आणि अलीकडे कल्याण ओलांडून शहाड-टिटवाळ्याच्या दिशेने सरकत गेला, त्याच्या संसारात वैद्य, वकील आणि पुरोहित यांच्या पंक्तीस आणखी एक इसम येऊन बसला आहे. आमच्या वाङ्मयात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. परंतु त्याच्यावाचून आमचे पाऊल नव्या उंबरठ्यावर पडत नाही. हा इसम म्हणजे इस्टेट एजंट. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत अठरा लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. त्यांतील कितीतरी कुटुंबे स्टेशनाबाहेरच्या एखाद्या अरुंद गाळ्यात, 'रेंट, रिसेल, लीव्ह अँड लायसन्स' अशा पाटीखाली, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आपल्या घरी पोहोचलेली आहेत. त्या खुर्चीवर बसणाऱ्यास जो पहिला प्रश्न विचारला जातो, त्याविषयी हे पत्र आहे.

तो प्रश्न भाड्याचा नसतो, डिपॉझिटचाही नसतो. 'पूर्ण नाव काय?' असा तो असतो. आणि आडनावाने पुरेशी साक्ष दिली नाही, तर 'मूळ गाव कुठलं?' आणि 'नॉनव्हेज चालतं का तुमच्याकडे?' हे पुरवणी प्रश्न अत्यंत सौजन्याने येतात. उत्तरे मनाजोगी असली की चाव्यांचा जुडगा निघतो. ती तशी नसली, तर आज सकाळपर्यंत रिकामी असलेली जागा 'कालच गेली' असे निष्पन्न होते, मालक गावी गेलेले असतात, किंवा सर्वांत प्रामाणिक एजंट असेल तर तो आवाज उतरवून सांगतो, 'माझं काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.' मुस्लिम तरुणास, दलित कारकुनास, घोडबंदर मार्गावरील एखाद्या मॉलमध्ये नोकरीस असलेल्या मिझो किंवा नागा मुलीस, एकट्या राहणाऱ्या घटस्फोटितेस हे वाक्य पाठ असते. ईशान्येकडील नागरिकांच्या अडचणींची चौकशी करण्यासाठी केंद्राने २०१४ मध्ये नेमलेल्या बेझबरुआ समितीपुढेही भाड्याच्या घराची कैफियत आलीच होती.

या अन्यायाचे वैशिष्ट्य असे की, त्यास कर्ता सापडत नाही. मालक सोसायटीकडे बोट दाखवितो, सोसायटीचा सेक्रेटरी मालकाकडे, आणि एजंट दोघांकडे. लेखी मात्र कोणीच काही देत नाही. वस्तुतः सोसायटीचा हवाला बहुतेक वेळा निराधार असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम २३ पात्र इसमास पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारण्यास मनाई करते. आणि सभासदाने जागा भाड्याने देताना संस्थेस रीतसर कळविले म्हणजे पुरे, संस्थेच्या संमतीची गरज नाही, असेच आदर्श उपविधींचे धोरण आहे. 'सोसायटीचा नियम' दाखवा म्हटल्यावर दप्तर निघत नाही, ते यामुळे. तेव्हा मालक हा खाजगी गृहस्थ, सोसायटी ही सभासदांची मंडळी. या तिघांत शासनाच्या नोंदवहीत ज्याचे नाव एक परवानाधारक व्यावसायिक म्हणून दाखल होऊ शकते असा एकटा एजंटच उरतो, आणि ती नोंदवही आपल्या स्वाधीन आहे. मंत्र्यांस किंवा महापौरांस न लिहिता आपणांस लिहिण्याचे कारण इतकेच.

एजंट म्हणेल की, मी तर निरोप्या. मालकाने सांगितले ते मी पार्टीस सांगितले. या बचावाची शहानिशा करताना मला १९१७ सालचे बडोदे आठवते. परदेशातून परतून संस्थानच्या चाकरीसाठी तेथे गेलेल्या डॉ. आंबेडकरांस शहरात कोठेही आसरा मिळेना, तेव्हा ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि तेथील रखवालदाराने त्यांचे नाव वहीत पारशी म्हणून चढविले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला, तो प्रसंग महाराष्ट्रास ठाऊक आहे. रखवालदाराकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. त्याच्या मनात द्वेष नव्हता. धर्मशाळा ओस पडली होती, चार पैसे मिळत होते, म्हणून त्याने खोटे नाव चालवून घेतले. आणि जमाव आला तेव्हा तो मध्ये पडल्याचे त्या हकिगतीत दिसत नाही. आज 'आडनाव सांगू नका, नुसतं नाव सांगा, अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी बघू' असा सल्ला देणारा एजंट मी जेव्हा ऐकतो, तेव्हा तो मला त्या रखवालदाराचाच वारस वाटतो. भेदभाव त्याने निर्माण केलेला नाही, हे मान्य. परंतु त्या भेदभावाचा दैनंदिन कारभार तो पाहतो, आणि त्यावर दलाली घेतो.

याच धंद्याने अन्यत्र काय केले, ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ साली आपल्या नीतिसंहितेतच असे कलम घातले होते की, ज्या वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांच्या येण्याने वस्तीतील मालमत्तेची किंमत उतरेल, त्यांस त्या वस्तीत आणण्यास दलालाने कधीही कारणीभूत होऊ नये. म्हणजे पक्षपात हा अपराध नव्हता; पक्षपात न करणे हा व्यवसायाच्या नीतीविरुद्ध अपराध होता. वंशाचा उल्लेख १९५० मध्ये त्या कलमातून गाळला गेला, पण वहिवाट चालूच राहिली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्याने, ११ एप्रिल १९६८ रोजी, घरांच्या व्यवहारातील भेदभावास मनाई करणाऱ्या कायद्यावर सही झाली. त्या कायद्यातील एक तरतूद मला विशेष मननीय वाटते. एका कुटुंबापुरते घर असलेल्या साध्या मालकास त्याने काही मुभा ठेवली. परंतु त्या मालकाने दलाल मध्ये घातला किंवा भेदभावाची जाहिरात दिली, की ती मुभा संपुष्टात येई. एखाद्याचा खाजगी आवडनिवडीचा हट्ट आणि परवानाधारकाने चालविलेला धंदा यांत कायद्याने केलेला हा भेद आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच करावयाचा राहून गेला आहे.

कायदा झाला म्हणून वृत्ती बदलली असे मात्र नाही. 'न्यूजडे' या अमेरिकी वृत्तपत्राने लाँग आयलंड भागात तीन वर्षे तपास करून २०१९ मध्ये जो वृत्तांत छापला, त्यात २५ परीक्षकांस सारखीच मिळकत आणि सारखीच मागणी देऊन, गोरा एक आणि अन्य वंशाचा एक अशा जोड्यांनी, ९३ एजंटांकडे पाठविले होते. कृष्णवर्णीय परीक्षकांस ४९ टक्के प्रसंगी असमान वागणूक मिळाल्याचे त्यात दिसून आले. कोणी शिवी दिली नाही, दार लोटले नाही. 'तुम्हांला तो दुसरा भाग अधिक सोयीचा पडेल' असे हसतमुखाने सुचविले, इतकेच. पुढील वर्षी त्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांनी संघटनेच्या पूर्वीच्या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली.

'दुसरा भाग' हा शब्दप्रयोग ठाण्याच्या रहिवाशास समजावून सांगावा लागत नाही. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींनंतर उखडलेली असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यास येऊन वसली, ती भयापोटी आणि सोबतीच्या आधारासाठी. परंतु त्यांची पुढील पिढी, जी अभियंता झाली, बँकेत लागली, आणि जिला पाचपाखाडीचे भाडे परवडते, तिला आजही तेच सुचविले जाते, 'तुम्ही मुंब्रा-कौसाकडे बघा ना, तिकडे तुम्हांला बरं पडेल.' एकाच महापालिकेच्या हद्दीत, एकाच रेल्वेमार्गावर, दोन-तीन स्थानकांच्या अंतराने दोन समाज एकमेकांस अपरिचित राहतात, याचे श्रेय आम्ही इतिहासास देऊन मोकळे होतो. त्या इतिहासाची रोजची देखभाल कोण करतो, हे विचारीत नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदू नावास होकार, दलित नावास अनेकदा नकार आणि मुस्लिम नावास त्याहून अधिक नकार, हा तेथील अनुभव आमच्या डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा कल्याणच्या खडकपाड्यात उलटा ठरेल असे मानण्यास काही आधार दिसत नाही.

येथे माझ्या स्वभाषकांस थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. २०२३ च्या सप्टेंबरात ठाण्याच्या वेशीवरील मुलुंडमध्ये एका मराठी स्त्रीस, ती मराठी म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, आणि महाराष्ट्र खवळला. भाजपच्या नेत्या पंकजा मुंडे यांनीही मुंबईत घर शोधताना आपणांस असाच अनुभव आल्याचे सांगितले. पुढच्या वर्षी डिसेंबरात कल्याणच्या योगीधाम परिसरात धुपाच्या धुरावरून मराठी कुटुंबास मारहाण झाली, तेव्हा तो विषय नागपूरच्या अधिवेशनात गाजला. आमदार अनिल परब यांनी त्याच वर्षी नव्या इमारतींतील निम्म्या सदनिका काही काळ मराठी माणसांसाठी राखण्याचे अशासकीय विधेयक पुढे केले. हा संताप सर्वथैव न्याय्य होता. पण ज्या आळीत तो उसळला, त्याच आळीतील मराठी मालक आपल्या रिकाम्या फ्लॅटसाठी एजंटास 'आपल्यातलेच बघा' असे सांगतो, तेव्हा 'आपल्यातले' या शब्दाचा परीघ कोठवर जातो हे त्याला आणि एजंटास, दोघांसही, न बोलता कळलेले असते. मुलुंडमध्ये जो नकार आम्हांस अपमान वाटला, तो डोंबिवलीत आमच्या हातून दिला गेला की त्यास 'सोसायटीचं वातावरण' असे नाव पडते. मराठी माणसापुरते संरक्षण मागणे म्हणजे रोगाची तक्रार करून औषध केवळ आपल्याच घरात ठेवणे होय.

आपापल्या जातीच्या वसाहती वसविणाऱ्या जुन्या पिढीचा उपहास करण्याची माझी इच्छा नाही. मुंबईत गावदेवीस १९१५ साली सारस्वतांनी जी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली किंवा नौपाड्यात जी ब्राह्मण सोसायटी वसली, त्यांमागे परक्या शहरात एकमेकांस सावरण्याची धडपड होती. आणि अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अशा संस्थांचे सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा उपविधी ग्राह्य धरला. तो निर्णय मला पटत नाही, पण तूर्त तो कायदा आहे. तथापि तो संस्थेस लागू पडतो, दलालास नाही. दलाल ही मंडळी नव्हे. रस्त्यावर पाटी लावून सर्वांस बोलावणारा तो व्यावसायिक आहे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, दुकानांत प्रवेश नाकारण्यास मनाई करणाऱ्या तरतुदीवर चर्चा चालू असता, 'दुकान' हा शब्द संकुचित अर्थाने घेतलेला नसून मोबदल्याच्या अटी मान्य असतील तेथे सेवा मागण्याच्या व्यापक अर्थाने घेतला आहे, असा खुलासा डॉ. आंबेडकरांनी केला होता; सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातील त्या शब्दाचा अर्थ त्याच दिशेने लावला. ज्यास बडोद्यात बिऱ्हाड मिळाले नाही, त्याने एकतीस वर्षांनी केलेला हा खुलासा आहे.

आता आपल्या अधिकारांविषयी. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचा रोख नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीवर आहे, भाड्याच्या व्यवहारावर नाही, ही अडचण मी जाणतो. परंतु कोलशेतच्या नव्या इमारतीत फ्लॅट विकणारा आणि ठाकुर्लीत वन बीएचके भाड्याने लावून देणारा इसम पुष्कळदा एकच असतो. दहाव्या कलमाने एजंटास अनुचित व्यापारप्रथा निषिद्ध केल्या असून आपल्या सेवेविषयी खोटे वा दिशाभूल करणारे निवेदन करणे त्यांतच येते. रिकामी सदनिका 'गेली' असे सांगणे याहून खोटे निवेदन ते कोणते? नवव्या कलमान्वये शर्तभंग करणाऱ्याची नोंदणी रद्द करता येते, सदतिसाव्याने आपणांस एजंटांस निर्देश देता येतात, आणि बत्तिसाव्याने शासनाकडे शिफारशी करता येतात. तेव्हा विक्रीपुरता निर्देश आजच निघू शकतो: ग्राहकाची जात, धर्म, भाषा किंवा प्रांत विचारू नये, तशा अटीची जाहिरात करू नये, आणि मालकाने तशी अट घातल्यास ते काम स्वीकारू नये. भाड्याच्या दलालीस नोंदणीच्या कक्षेत आणण्याची शिफारस शासनाकडे जावी. मालकास स्वतःच्या राहत्या घरातील एखादी खोली कोणास द्यावी हे ठरविण्याची मोकळीक राहू द्यावी. फक्त त्याने ती स्वतः, दलालावाचून द्यावी. आणि आपल्या खात्याने वर्षातून काही वेळा, सारख्या पगाराची पण वेगळ्या आडनावांची माणसे जोडीने ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या एजंटांकडे पाठवून पाहावी. लाँग आयलंडमध्ये जे एका वृत्तपत्रास जमले, ते प्राधिकरणास जमू नये असे नाही.

आपण २०२३ च्या जानेवारीत आदेश काढून एजंटांस प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली, हे मोठे काम झाले. त्या परीक्षेच्या पुढील पत्रिकेत एक प्रश्न घालावा: मालकाने 'अमुक लोकांना जागा दाखवू नका' असे सांगितल्यास नोंदणीकृत एजंटाने काय करावे? आणि या प्रश्नाचे कोणते उत्तर प्राधिकरण बरोबर धरील, ते कृपया आम्हां रहिवाशांसही कळवावे.

कळावे.

आपला नम्र,
ठाणे जिल्ह्यातील एक रहिवासी