फॅक्स यंत्राची कैफियत

रामानुजाचार्यांचे जन्मस्थान असलेल्या श्रीपेरुंबुदूरच्या परिसरातून १९९८ पासून ह्युंदाईच्या मोटारी आणि २००६ ते २०१४ या काळात नोकियाचे भ्रमणध्वनी बाहेर पडले. तरीही येथील कचेऱ्यांच्या पत्रशीर्षांवर अधूनमधून फॅक्सचा क्रमांक दिसतो, आणि तो लावल्यास पलीकडे यंत्र जागे असेलच अशी खात्री कोणीच देत नाही.

यंत्र अडले की तत्काळ कारागिरास पाचारण करण्याची जी रीत पडली आहे, ती माझ्या मते निष्कारण खर्चाची आहे. प्रथम त्याच यंत्रावर एका कागदाची प्रत काढावी. प्रतीवर उभी काळी रेघ उमटली, तर ज्या अरुंद काचेवरून कागद सरकतो तिच्यावर बहुधा खाडाखोडीच्या पांढऱ्या शाईचा ठिपका वाळलेला असतो. प्रत निर्मळ निघून केवळ आलेल्या पत्रांवरच रेघ असेल, तर काच पुसावयाची ती पाठविणाऱ्याने. थर्मल कागदास लेप सामान्यतः एकाच अंगास असतो, त्यामुळे गुंडाळी उलटी बसली की सबंध पत्र कोरे बाहेर पडते. लेपाचे अंग नखाने ओरखडताच काळे पडते, एवढी परीक्षा पुरे. थर्मल कागदावरची अक्षरेही उन्हाळ्यात फिकी होत जातात, म्हणून दप्तरी ठेवावयाच्या पत्राची झेरॉक्स त्याच दिवशी घ्यावी. ऑक्टोबर ते डिसेंबर येथे ईशान्य मोसमी पाऊस; त्या दिवसांत साधा कागद दमट होऊन अडकतो, आणि दोष मात्र रुळांवर जातो.

इंटरनेटवरून येणाऱ्या टेलिफोनची गोष्ट निराळी. संभाषणात गळालेले अक्षर माणूस तर्काने भरून काढतो, यंत्रास ती सवलत नाही. तेव्हा वेग सेकंदास १४,४०० बिटांवरून ९,६०० वर आणावा आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे इंटरनेटवरून फॅक्स नेण्याच्या टी.३८ या पद्धतीची सोय मागावी.

इतके करूनही एक बिघाड उरतो. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी मेहबूबा मुफ्ती यांचा सत्तास्थापनेचा दावा जम्मूच्या राजभवनात फॅक्सने पोहोचू शकला नाही, आणि त्याच रात्री जम्मू-काश्मीरची विधानसभा बरखास्त झाली. ईदची सुटी असल्याने फॅक्स घेण्यास कोणी नव्हते, असा खुलासा राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर केला. राज्यपालांच्या निर्णयाची चिकित्सा येथे प्रस्तुत नाही. परंतु क्रमांक जाहीर करणाऱ्या प्रत्येक कचेरीने सुटीच्या दिवशीही यंत्राकडे पाहणारा कारकून लेखी हुकुमाने नेमावा, आणि ते परवडत नसेल तर पत्रशीर्षांच्या पुढच्या छपाईत तो क्रमांक गाळावा.