‘प्रकरण मिटलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

आज १ मे २०२५. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. सकाळपासून व्हॉट्सॲपवर कामगारांच्या कष्टाला सलाम ठोकणारे फोटो फिरतायत. त्यात डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई हमखास असते. ती बाई उद्या तिसऱ्या मजल्यावरून पडली तर तिच्या लेकरांना काय मिळतं, यावर मात्र कुणी फोटो बनवत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या गल्लीतला गवंडी, सेंट्रिंगवाला, बिगारी यात आहेच.

आधी आपल्या जिल्ह्यातलं. दोन महिने झाले फक्त. २२ फेब्रुवारीची पहाट, जाफराबाद तालुक्यातलं पासोडी शिवार. पुलाचं काम चालू होतं आणि मजूर कामावरच पत्र्याच्या शेडमध्ये झोपले होते. टिप्पर आलं आणि वाळू थेट त्या शेडवर रिकामी झाली. पाच मजूर वाळूखाली गुदमरून मेले. एक बाई आणि एक मुलगी जिवंत निघाल्या, हे नशीब. दोन दिवस मोठमोठ्या बातम्या झाल्या. वाळू कुठली, टिप्पर कुणाचं, परवानगी होती का, यावर खूप चर्चा झाली. व्हायलाच पाहिजे होती. पण त्या पाच घरांचा कायद्याने हक्क किती, तो कुठे मागायचा, कधीपर्यंत मागायचा, याची चर्चा किती झाली? वाळूचे भाव सगळ्यांना तोंडपाठ आहेत, माणसाचा हिशेब कुणाला येत नाही.

हे एकट्या पासोडीचं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर लोखंड आणि मजूर एकाच गाडीत भरून नेताना ती उलटली, १३ मजूर गेले. १ ऑगस्ट २०२३ ला त्याच महामार्गावर शहापूरजवळ गर्डर बसवायचं अवजड यंत्र कोसळलं, २० जण गेले. हे मोठे आकडे, म्हणून लक्षात राहिले. एकेकटा पडून मेलेला, पाय गेलेला, डोळा गेलेला माणूस आतल्या पानावर चार ओळीत संपतो. राज्यभरच्या स्लॅबांत जालन्याची सळई असते असं आपण अभिमानाने सांगतो. ती बांधणाऱ्याचा हात तुटला तर त्याची बातमी तालुक्याच्या बाहेर जात नाही.

आता मूळ मुद्दा. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करताना एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, “प्रकरण मिटलं.” पोलिसांकडून ऐकलं, पुढाऱ्यांकडून ऐकलं, मेलेल्याच्या चुलत्याकडूनही ऐकलं. मिटलं म्हणजे काय होतं? माणूस मेला की पहिल्या दिवशी गुत्तेदार येत नाही, त्याचा माणूस येतो. सोबत गावातला कुणीतरी वजनदार. मयताच्या खर्चाला वीस-पंचवीस हजार आधीच हातावर ठेवतात. दहाव्याच्या आसपास बैठक होते. दोन लाख, तीन लाख असा आकडा निघतो. पाचशेच्या बॉण्डवर लिहून घेतात, “आमची काही तक्रार नाही, यापुढे कुठेही दावा करणार नाही.” सही किंवा अंगठा. नोटरीचा शिक्का. मिटलं.

मित्रांनो, कायद्याच्या लेखी त्या बॉण्डला रद्दीची किंमत नाही. हे मी मनाने सांगत नाही. १९२३ सालचा कामगार नुकसान भरपाई कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला. संसदेने २०२० मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली, पण मे २०२५ मध्ये ती अजून लागू झालेली नव्हती, त्यामुळे तेव्हा हाच कायदा चालत होता. याचं कलम १७ म्हणतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार शून्य. कलम ८ म्हणतं की कामगार मेला असेल तर भरपाईचे पैसे आयुक्ताकडेच जमा झाले पाहिजेत. मालकाने परस्पर वारसांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. फार तर तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल पुढे वजा होते. हा नियम शंभर वर्षांपूर्वी का केला असेल? कारण तेव्हाच्या सायबालासुद्धा माहीत होतं की दुःखात बसलेल्या विधवेसमोर कोण येऊन बसतं आणि काय लिहून घेतं.

आता हिशेब बघा. तीस वर्षांचा मजूर, रोज ६०० रुपये. महिन्याचे १५,६०० होतात, पण कायदा सध्या १५,००० पर्यंतच पगार धरतो. मृत्यू झाला तर त्याच्या निम्मे, ७,५००, गुणिले वयाचा गुणांक. तीस वर्षांना तो २०७.९८ आहे. झाले १५ लाख ५९ हजार ८५०. महिन्याभरात दिले नाहीत तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज. विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. आणि बॉण्डवर लिहिले होते तीन लाख. उरलेले साडेबारा लाख कुणी वाचवले? ज्यांनी बैठक “घडवून आणली” त्यांनी.

जखमींचं तर याहून वाईट. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्क्यांवर हिशेब होतो, म्हणजे याच माणसाला १८ लाख ७१ हजार ८२०. नुसता हाताचा अंगठा गेला तरी परिशिष्टात ३० टक्के लिहिलेत. ते ५ लाख ६१ हजारांच्या वर जातात. दवाखान्याचा खर्च याशिवाय. आपल्याकडे उजवा अंगठा गेलेल्या माणसाचा डावा अंगठा पन्नास हजारांच्या कागदावर घेतात.

यावर नेहमीची तीन उत्तरं येतात. एकेक घेऊ.

पहिलं, “तो पिऊन होता” किंवा “हेल्मेट घातलं नव्हतं.” मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव मालकाला कायद्याने उपलब्धच नाही. कमी दुखापतीत तो घेता येतो, पण सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. आणि मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढं पुरे.

दुसरं, “तो आमचा माणूसच नव्हता, मस्टरवर नाव नाही.” मस्टर ठेवणं हे मालकाचं काम, त्याने ते केलं नाही याची शिक्षा मेलेल्याला कशी? काम पोटगुत्तेदाराने घेतलेलं असलं तरी कलम १२ प्रमाणे मुख्य गुत्तेदाराकडे दावा करता येतो. त्याने पुढे पोटगुत्तेदाराकडून वसूल करावं, ते त्या दोघांचं भांडण. रोजंदारीवरचा, चार दिवसांसाठी आलेला म्हणूनही बाहेर काढता येत नाही.

तिसरं, “एक हात तर शाबूत आहे, काहीतरी करेल की.” या प्रश्नाचं उत्तर सुप्रीम कोर्टाने पन्नास वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. एका सिनेमागृहात सजावटीचं काम करणारा सुतार पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, हे अंशतः अपंगत्व. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हे पूर्ण अपंगत्व. आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय असते, निकालाच्या दिवसापासून नाही. प्रताप नारायण सिंग देव खटला, १९७६ च्या निकालपत्रांत छापलेला आहे. आपल्या सेंट्रिंगवाल्यालाही तोच न्याय लागू पडतो.

मग एवढं सगळं असताना मिळत का नाही? कारण अपघात झाल्यावर पहिल्या आठ दिवसांत त्या घराभोवती सगळे असतात, फक्त वकील नसतो. जखमीला दवाखान्यात मुकादम आणतो आणि केस पेपरवर लिहायला सांगतो, “घरी पडला.” तिथेच दाव्याचा पाया उखडतो. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते आणि फाईल बंद. जो वकील स्वतःहून शोधत येतो, त्यातला एखादा टक्केवारी ठरवतो. मिळालेल्या पैशात वाटा ठरवून केस घ्यायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे, हेही लोकांना माहीत नसतं.

“इमारत बांधकाम मंडळ आहे ना,” असं म्हणाल. आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्यासाठीच जमा होतो. नोंदीत कामगार कामावर मेला तर वारसाला पाच लाख मिळतात आणि ते या भरपाईहून वेगळे. पण नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो द्यायचा गुत्तेदाराने किंवा ग्रामसेवकाने. खरा मजूर त्या दाखल्यासाठी खेटे घालतो आणि भांड्यांच्या संचाच्या रांगेत ज्यांनी आयुष्यात थापी धरली नाही असेही उभे असतात. पेटी मिळाली, भांडी मिळाली, फोटो निघाले. भांडी वाटताना येणारा पुढारी भरपाईच्या तारखेला कोर्टात आलेला मी तरी पाहिला नाही.

आता कुणाकडून काय पाहिजे, ते स्पष्ट लिहितो.

कायद्यात एक फार कामाचं कलम आहे, १० अ. कामगार अपघातात मेल्याची माहिती आयुक्ताला “कोणत्याही मार्गाने” मिळाली तरी तो मालकाला नोटीस काढून ३० दिवसांत खुलासा मागू शकतो. कोणत्याही मार्गाने म्हणजे पेपरातल्या कात्रणानेसुद्धा. आपल्याकडे आयुक्ताचं काम न्यायाधीशच पाहतात. मग जिल्ह्यात बांधकामावर झालेल्या प्रत्येक मृत्यूची प्रत पोलिसांनी तिकडे का पाठवू नये? एक ईमेल लागतो. पोलीस अधीक्षकांनी एक परिपत्रक काढलं तर उद्यापासून सुरू होईल, एक रुपया खर्च नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने सरकारी दवाखान्यात, अपघात विभागाच्या दारात, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वकील बसवावा. शिबिरं आणि फलक पुष्कळ झाले. जखमी माणूस शिबिराला येत नसतो, तो कॉटवर असतो.

सरकारी कामावर मजूर मेला तर भरपाई जमा केल्याची पावती दाखवल्याशिवाय गुत्तेदाराचं पुढचं बिल काढू नये. पूल, रस्ता, शाळाखोली, काहीही असो. बिल अडलं की कायदा सगळ्यांना आठवतो.

आणि आमच्या पत्रकारितेला. बातमीत “हळहळ व्यक्त होत आहे” लिहून भागत नाही. मुख्य गुत्तेदार कोण, काम कोणत्या खात्याचं आणि महिन्याने भरपाई जमा झाली का, हे तीन प्रश्न प्रत्येक बातमीत पाहिजेत.

शेवटी, ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांच्यासाठी. मोबाईलमध्ये जपून ठेवा.

केस पेपरवर अपघाताची खरी जागा लिहून घ्या. कामावरचे फोटो, मुकादमाचे मेसेज, फोनपेवर आलेला पगार, काहीही पुसू नका. हाच तुमचा मस्टर.

बॉण्डवर सही झाली असेल तरी दावा करता येतो. अपघातापासून दोन वर्षांची मुदत आहे.

पुण्यात किंवा संभाजीनगरला साईटवर पडलात तरी दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात टाकता येतो. मंठ्याच्या बाईला तारखेसाठी पुण्याला जायची गरज नाही.

अपघात टिप्पर, हायवा अशा वाहनाने झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचाही पर्याय आहे. तिथे पगाराला १५ हजारांची मर्यादा नाही, पण चालकाची चूक दाखवावी लागते. दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत, एकच वाट निवडावी लागते, म्हणून आधी वकिलाला विचारा. आणि तिथली मुदत फक्त सहा महिने. पासोडीच्या पाच घरांसाठी ती २२ ऑगस्टला संपते. त्यांच्यापैकी कुणाला ओळखत असाल तर हे आजच सांगा.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा कायद्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. मेलेल्या मजुराची बायको महिला आहे, एवढं एकच कारण पुरेसं आहे. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती आहे, आणि १५१०० हा नंबर आहे.

यापुढे कुणी तुम्हाला “प्रकरण मिटलं” म्हणालं तर एवढंच विचारा, “आयुक्ताकडे किती जमा झाले? पावती दाखवा.” पावती नसेल तर प्रकरण मिटलेलं नाही.