बिलाच्या तळाशी असलेली तीन अक्षरे

आपल्या दुकानाचे बिलबुक उघडून तळाची ओळ पाहावी. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या सूचनेच्या आसपास 'ई. अँड ओ. ई.' अशी अक्षरे बहुधा आढळतील. छापखान्याच्या नमुन्यात ती असतात, म्हणून आपल्या बिलावर येतात. करबिलावर कोणता तपशील असावा हे जीएसटीच्या नियमांनी ठरवून दिले आहे. त्यात या अक्षरांचा उल्लेख नाही. तरीही पिढ्यान् पिढ्या ती तेथे टिकून आहेत.

पूर्ण शब्द असे : 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड'. घोटाळा होतो तो शेवटच्या शब्दाशी. कोणी तो 'अ‍ॅक्सेप्टेड', म्हणजे 'मान्य', असा वाचतो. कोणी 'एक्स्पेक्टेड' समजतो. तसे असते तर आपल्या बिलात चुका अपेक्षितच आहेत, असे दुकानदार स्वतः छापून देतो असा अर्थ झाला असता! 'एक्सेप्टेड' म्हणजे 'वगळून'. हिशेबातील चुका व राहून गेलेल्या बाबी वगळता हे बिल बरोबर आहे, एवढेच ते वाक्य सांगते.

चूक आणि राहून जाणे यांत भेद आहे. स्टीलचे ६० डबे १३२ रुपये दराने दिले, तर रक्कम ७,९२० होते. घाईत ती ७,२९० लिहिली गेली, ही चूक. (अंकांची अशी अदलाबदल झाली की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. येथे फरक ६३० आहे. तेरीज जुळत नसता जुने कारकून प्रथम हेच तपासत.) वाहतूक खर्च बिलात धरायचाच राहिला, तर ते राहून जाणे, आणि ते अधिक फसवे. जी नोंद जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना झालीच नाही, तिच्यामुळे तेरजेत फरक पडत नाही. तेरीज जुळली याचा अर्थ वह्या निर्दोष आहेत असा नव्हे.

आता आपला जुना शब्दप्रयोग पाहावा : 'चूकभूल द्यावी घ्यावी'. हिंदीत 'भूलचूक लेनी देनी', गुजरातीत 'भूलचूक लेवी देवी'. इंग्रजी वाक्य बिल देणाराने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेले दिसते. चुकीचे पुढे काय करायचे, हे ते सांगत नाही. आपले वाक्य मात्र दोघांना बांधते. वरील उदाहरणात ६३० रुपयांचा लाभ खरेदीदाराला झाला आहे. बिलात तेवढेच लिहिले होते, असे म्हणून तो गप्प बसला, तर 'घ्यावी' पाळली आणि 'द्यावी' विसरली, असे झाले. माझ्या मते व्यापारी भाषेत याहून न्याय्य वाक्य क्वचितच सापडेल. इंग्रजी अक्षरे केवळ हिशेबापुरती राहिली नाहीत, हेही खरे : ऑस्ट्रेलियात मंत्र्यांच्या मुलाखतींच्या शब्दांकनावरही ती आढळतात. मराठी लेखकही हल्ली लेखाखाली 'चूभूद्याघ्या' लिहून मोकळे होतात.

कायद्याचा कल या बाबतीत मराठी वाक्याकडे आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७२ नुसार चुकीने मिळालेले पैसे परत केले पाहिजेत, मग कागदावर ही अक्षरे असोत वा नसोत. मात्र या अक्षरांच्या आधारे ठरलेला भाव बदलता येत नाही. दर उभयतांनी मान्य केला, माल गेला, आणि नंतर 'दर कमी लावला गेला' असे म्हणणे ही हिशेबातील चूक नव्हे. केवळ एका पक्षाचा वस्तुस्थितीबद्दल गैरसमज होता म्हणून करार मोडता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम २२ सांगते.

जीएसटीत तर या अक्षरांनी काहीच दुरुस्त होत नाही. बिल जादा झाले असल्यास क्रेडिट नोट, कमी झाले असल्यास डेबिट नोट द्यावी लागते. घ्यावी आणि द्यावी यांचीच ही नवी रूपे. क्रेडिट नोटेचा कर कमी करून घ्यायचा, तर आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणारा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याचा दिवस, यांपैकी जो आधी येईल तोपर्यंत ती विवरणपत्रात दाखवावी लागते.

खरी दक्षता घ्यायची ती बाकीच्या खात्रीपत्राबाबत. मार्चअखेर पुरवठादाराकडून खातेउतारा येतो, तळाशी तीच अक्षरे असतात, आणि दुकानातील कोणीतरी सही करून तो परत पाठवितो. मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, वसुलीची मुदत संपण्यापूर्वी केलेल्या अशा लेखी कबुलीमुळे मुदत नव्याने सुरू होते. शिवाय पुढे फरक निघाल्यास तो सिद्ध करण्याचा भार व्यवहारात सही करणारावरच पडतो. अक्षरे छापली होती, एवढे सांगून भागत नाही. उतारा आपल्या खतावणीशी ताडून पाहावा. फरक असल्यास बिल क्रमांक, दिनांक आणि रक्कम त्याच कागदावर लिहून मगच सही करावी, व एक प्रत फायलीत ठेवावी.