चुकीचा धडाही दाखवा, पण खूण करून

५२ मधून २७ वजा करताना दुसरीतलं मूल ३५ लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. एका चित्रफितीत शिक्षक त्यावर फुली मारून ‘हातचा घे’ एवढंच सांगतात. दुसऱ्या फितीत ते दहा-दहा काड्यांचे गठ्ठे पुढे ठेवतात आणि एक गठ्ठा सोडायला लावतात. दहा सुट्या काड्या हाती आल्या की मुलाला हातचा कुठून येतो ते दिसतं. या दोन्ही फिती शिक्षकांच्या सामायिक साहित्यात एकाच मथळ्याखाली ठेवल्या, तर नवख्या शिक्षकाने त्यातला फरक ओळखायचा कसा? पहिली तर आटोपशीर, म्हणून अधिक अनुकरणीय वाटेल.

यावर पहिली फीत काढूनच टाकावी, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. टेलर, रुस-एफ्ट आणि चॅन या संशोधकांनी २००५ मध्ये नमुना दाखवून दिलेल्या प्रशिक्षणावरच्या ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. चांगल्या नमुन्यांसोबत वाईटही दाखवले, तेव्हा शिकलेलं प्रत्यक्ष कामात अधिक उतरलं. मात्र ग्रोसे आणि रेंकल यांच्या २००७ च्या प्रयोगांत, चुकीची उदाहरणं मिसळण्याचा लाभ पाया पक्का असलेल्यांनाच झाला. कच्च्या विद्यार्थ्यांना चूक ठळक करून दाखवल्यावर मदत झाली. ते प्रयोग संभाव्यतेच्या गणितांवरचे होते, पण वर्गात नुकतंच पाऊल ठेवणाऱ्या शिक्षकाची अवस्था याहून फार निराळी नसते. म्हणून वाईट नमुना हवाच, पण चांगल्याच्या शेजारी, आणि नेमकं कुठे व का बिघडलं हे सांगून. ही खूण फितीच्या आतच हवी. व्हॉट्सॲपवर फीत पुढे जाते, सोबतचं टिपण मागे राहतं.

वाईट कोणी ठरवायचं, हा आक्षेप रास्त आहे. ऐंशी मुलांच्या वर्गात जे भागतं, ते वीस मुलांच्या वर्गात उणं ठरू शकतं. म्हणूनच शेरा शिक्षकावर नसावा. मुलांना काय समजलं, त्यावर असावा, आणि वर्गाची परिस्थिती सोबत नोंदवावी. नामुष्कीची भीतीही खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका नासाकडे कळवतात आणि नावगाव काढूनच त्या इतरांपुढे येतात. आपल्याकडे तर चुकीचा पाठ अभिनयानेही चित्रित करता येईल. कोणाचाही खरा वर्ग उघडा पाडण्याची गरज नाही. शिक्षण परिषदेत दोन्ही फिती लागोपाठ दाखवाव्यात आणि मूल ३५ वर कसं पोचलं, यावर आधी शिक्षकांनाच बोलू द्यावं.