वाळूचा पैसा आणि नदीचे भांडवल

वाळूच्या लिलावाची रक्कम शासनाच्या लेख्यात महसूल म्हणून जमेस धरली जाते. हा हिशेब मुळातच सदोष आहे. मुदतीअखेर पूर्वीइतकेच सुस्थितीत राहून जेवढे खर्च करता येईल तेवढेच खरे उत्पन्न, असे अर्थशास्त्रज्ञ हिक्स यांनी १९३९ साली मांडले. त्यापलीकडचा खर्च म्हणजे भांडवल खाणे. १९८७ च्या ब्रंटलँड अहवालाने पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणणारा विकास तो शाश्वत, असे म्हटले. त्याचे मूळ याच व्यावहारिक दंडकात आहे.

येरळाकाठच्या शेतकऱ्यांनी तो कृतीत आणला. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात उगम पावणारी येरळा सांगली जिल्ह्यात कृष्णेस मिळते. तिच्या पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते. काठच्या विहिरींचा आधार तोच. ठेकेदारांच्या बेसुमार उपशाने तो तुटू लागला. तेव्हा, १९८० च्या दशकात, खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने त्यास विरोध केला आणि मर्यादित वाळू स्वतः विकून त्या पैशाच्या आधारे बळीराजा स्मृती धरण उभारले. पाण्यात भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला मज्जाव, ही त्यांची सूत्रे होती.

संपणाऱ्या संपत्तीचा खंड उत्पादक भांडवलात गुंतवावा, असा नियम हार्टविक यांनी १९७७ साली सांगितला. बळीराजा धरण हे त्याचे ग्रामीण रूप होय. परंतु शेतकऱ्यांची दृष्टी त्याहून खोल होती. सगळी वाळू विकून कितीही बंधारे बांधले, तरी नदीची पाणी धरण्याची शक्ती परत येत नाही. म्हणून गुंतवणुकीइतकीच उपशाची मर्यादाही आवश्यक ठरते. शिवाय, उद्याच्या पिढीला न्याय देऊ पाहणाऱ्या विकासाने आजच्या भूमिहीनाला वगळले, तर तो शाश्वत कसला?

आज टेंभू योजनेद्वारे कृष्णेचे पाणी उपसून सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात आणले जात आहे. ते मूठभरांच्या उसात जिरणार की घरटी वाटले जाणार, हा प्रश्न अभियंत्यांचा नसून राजकारणाचा आहे. वाळूचे उत्पन्न नदीच्याच पुनर्भरणासाठी राखून ठेवावे, उपशाची मर्यादा ग्रामसभेच्या संमतीने ठरावी आणि पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीशी जखडू नये, या तीन मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगावी नेल्या पाहिजेत. अन्यथा शाश्वतता हा शब्द अहवालात राहील आणि नदी ट्रकमधून जाईल.